ट्रॅकच्या गाडीला बाहेरचे मॅगव्हील आणि १० मिमीचे स्पेसर : स्टिअरिंग थरथरतंय, मदत हवी

घाटउतार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गाडी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय, आपल्या चाकणचीच. वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर नेतो, एरवी रोजचं हिंजवडी. (डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ट्रॅकवर तापतं हे माहीत आहे, त्याचं रडगाणं वेगळ्या धाग्यात गाईन.) दोन महिन्यांपूर्वी पुढच्या ब्रेकच्या डिस्क २८८ मिमीच्या केल्या. मूळ चाकं १५ इंची, ६ जे (रुंदी ६ इंच), ईटी ४० (चाकाच्या मधल्या रेषेपासून हबवर टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर, मिमीत), टायर १८५/६०. आता सेकंडहँड मॅगव्हील (अलॉयची चाकं) मिळाले : १५ इंची, ७ जे, ईटी ४५, ५×१०० (१०० मिमीच्या वर्तुळावर पाच बोल्ट). हलके आहेत आणि नुकताच रंग मारलेला, अगदी नव्यासारखे दिसतात. टायर १९५/५५.

बसवायला गेलो तर पुढे स्पोक ब्रेकच्या कॅलिपरला घासतो. दुकानदार म्हणाला, स्पेसर (चाक आणि हब यांच्यामध्ये बसणारी चकती) टाकू. १० मिमीचे चार दिले. दोन पुढे, दोन मागे ("मागेही टाका साहेब, गाडी भरलेली दिसते"). इम्पॅक्ट गनने आवळलं, विषय संपला. आता ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि ११० ला आतला आरसाही नाचतो. बॅलन्सिंग दोनदा केलं, मशीन शून्य दाखवतं. तीन आठवड्यांनी मद्रासच्या ट्रॅकवर जायचंय. दुकानदाराचं म्हणणं, टायर सेट व्हायला वेळ लागतो. खरं का?

गिअरकाका

टायर म्हणजे काय स्लॅब आहे, सेट व्हायला? स्पेसर काढा आणि भंगारात द्या. तीस वर्षं गाड्या चालवतोय, एकदाही स्पेसर लावला नाही, काही अडलं नाही.

स्विफ्टवाली

काका, तुम्ही तीस वर्षांत २८८ च्या डिस्कही लावल्या नसतील :) स्पोक घासत असेल तर काहीतरी करावंच लागणार ना.

घाटउतार, माझ्याही गाडीला पुढे स्पेसर आहेत, पाच ट्रॅक डे झाले. थरथर कधी नव्हती. बसवण्यात काहीतरी चुकलंय. फोटो टाका.

भोसरीचा टर्नर

फोटो नंतर. आधी एवढं सांगा. बोल्ट कुठले वापरले, मूळचेच की नवीन? नवीन चाकाच्या मधलं भोक किती मिमी आहे आणि त्यात रिंग (भोक आणि हब यांच्यातली मोकळी जागा भरणारी) बसवली का? आणि रंग "नव्यासारखा" म्हणता, तो चाकाच्या मागच्या बाजूला, हबवर टेकतो त्या जागीही आहे का?

घाटउतार

बोल्ट मूळचेच. चाकावर ७३.१ लिहिलंय, पोलोचा हब ५७.१. रिंग वगैरे काही दिली नाही. रंग सगळीकडे आहे, पावडर कोटिंग केलंय म्हणे, मागेही आणि बोल्टच्या भोकांतही. स्पेसरला दहा-बारा भोकं आणि खाचा आहेत, कुठल्याही गाडीला बसतो असं म्हणाला. मधलं भोक हबपेक्षा बरंच मोठं आहे, हाताने हलवला की खुळखुळतो.

भोसरीचा टर्नर

अरे देवा. आता घरी जा, जॅक लावा, एक बोल्ट सैल करा आणि तो हाताने काढताना किती फेरे फिरतो ते मोजा. मग मूळ चाकावर, स्पेसर न लावता, तेच करा. दोन्ही आकडे इथे टाका. तोवर गाडी घेऊन कुठेही जाऊ नका.

घाटउतार

मोजलं. मूळ चाकावर साडेनऊ फेरे. आत्ताच्या मॅगव्हीलवर स्पेसरसकट साडेतीन.

साडेतीन!! परवा याच गाडीतून बायको-मुलाला घेऊन लोणावळ्याला जाऊन आलो.

नेकारकाठचा नाना

इथे स्टुटगार्टजवळ असतो, गाड्यांच्या कंपन्यांच्याच सावलीत. जर्मनीत स्पेसरसोबत जो तपासणी-कागद येतो त्यात आट्यांचे किमान फेरे छापलेले असतात. एम १४×१.५ ला साडेसात, एम १२×१.५ ला साडेसहा, एम १२×१.२५ ला आठ. तुमचे बोल्ट एम १४×१.५ आहेत (१४ मिमी जाडी, दोन आट्यांत दीड मिमी अंतर, तेच पिच). म्हणजे निम्म्याहूनही कमी आटे पकडले होते. १० मिमीचा स्पेसर टाकला की दीड मिमीच्या पिचने साधारण पावणेसात फेरे तिथेच गेले, साधा भागाकार आहे. बोल्ट घट्ट लागला म्हणजे धरला असं नाही. तीन आट्यांवरही पाना कट्‌कन आवाज देतो.

सुखरूप आलात हे महत्त्वाचं. वहिनींना आकडा सांगू नका.

भोसरीचा टर्नर

आणि आता दुसरी भानगड. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची सीट, म्हणजे चाकावर टेकणारी बाजू, गोल असते, चेंडूसारखी. बाहेरच्या बहुतेक मॅगव्हीलला सीट तिरकी असते, साठ अंशाचा कोन. फनेलमध्ये गोटी ठेवून बघा, कशी टेकते? एका बारीक वर्तुळावर. तुमचे बोल्ट तसे बसलेत. टॉर्क (आवळण्याचा जोर) दाखवतील, पण शंभर किलोमीटरमध्ये ती धार दबते आणि पकड जाते. एक बोल्ट काढून सीटवर मार्करची शाई लावा, आवळून परत काढा. बारीक रेघ उमटली तर जोडी चुकलेली, रुंद पट्टा उमटला तर बरोबर.

थरथर कुठून येते तेही यातच आहे. मूळ चाकाचं मधलं भोक हबच्या ओठावर अचूक बसतं आणि चाक मधोमध येतं. तुमच्याकडे भोक ७३.१, हब ५७.१, सगळीकडून ८ मिमी मोकळं. स्पेसरही खुळखुळता. चाक मधोमध आणायचं काम एकट्या बोल्टांवर पडलं आणि बोल्टांची सीट चुकीची. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक मशीनच्या कोनावर मधोमध बसतं, म्हणून तिथे शून्य येतं. तुमच्या हबवर ते मधोमध नाही. दोनदा काय, वीसदा बॅलन्स करा.

अर्धवट_माहितीराव

पण मी तर वाचलंय की चाकाचा भार रिंग घेतच नाही, बोल्टच घेतात. मग रिंग नसली तर काय बिघडलं? प्लॅस्टिकच्याही मिळतात की.

नेकारकाठचा नाना

भार रिंग घेत नाही हे खरं. पण बोल्टही तसा घेत नाहीत! भार घेतं ते घर्षण. रिंग फक्त आवळताना चाक मधोमध धरते.

जरा हिशेब करू, कारण सगळ्या धाग्याची मेख इथेच आहे. पोलोला १२० न्यूटनमीटर टॉर्क. तेवढ्यात एम १४ चा एक बोल्ट साधारण ४३ किलोन्यूटन ओढ देतो, म्हणजे चार टनांच्या वर. पाच बोल्ट मिळून वीस टनांहून जास्त दाब. या दाबाने चाक, स्पेसर आणि हब एकमेकांना चिकटून राहतात. ब्रेकचा, वळणाचा सगळा जोर हे चिकटणंच सोसतं. बोल्ट कातरला जाण्याची वेळ यायलाच नको.

आता हा दाब येतो कुठून? आवळल्यावर बोल्ट रबरासारखा ताणला जातो, त्यातून. किती ताणला जातो? स्पेसर नसताना धरा २५ मिमी लांबीचा भाग ताणला जातोय, तर ०.०४ मिमी. बस्स. पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. आणि पावडर कोटिंगचा थर असतो ०.०६ ते ०.०८ मिमी, म्हणजे बोल्टच्या अख्ख्या ताणापेक्षा जाड. ट्रॅकवर ब्रेक तापले की तो रंग मऊ पडतो, दबतो, बाजूला सरकतो. चार शतांश मिमी जरी बसला तरी तुमचे वीस टन हवेत गेले, आणि बोल्टने एक अंशही फिरायची गरज पडली नाही.

म्हणून दोषी स्पेसर नाही. दोषी तो जो कोणी रंगारी होता.

गिअरकाका

हे मान्य. आमच्या वेळी रिमला मागून रंग मारतच नसत. (तरी स्पेसरला माझा विरोध कायम.)

स्विफ्टवाली

वाखूसा (वाचनखूण साठवली). नाना, हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. मी आजच मागच्या बाजूला ब्रश मारते.

घाटउतार

म्हणजे चार चुका : आटे, सीट, रिंग, रंग. वाचता वाचता घाम फुटला. गाडी आता जुन्या चाकांवर आहे. मॅगव्हील सोडायचे नाहीत मला. पुढचा रस्ता दाखवा.

भोसरीचा टर्नर

आधी स्पेसर किती हवा ते मोजा. "दहाचा टाका" ही मोजणी नाही. पोराच्या खेळण्यातली क्ले घ्या, कॅलिपरवर बोटभर थापा, चाक बसवून हाताने फिरवा, काढून चेपलेली जाडी मोजा. थंड असताना स्पोक आणि कॅलिपरमध्ये ३ मिमी तरी मोकळं हवं. चाक वळणात वाकतं, शिवाय चाकाला आतून चिकटवलेल्या वजनांचीही उंची असते.

घाटउतार

केलं. (क्ले पोराची, हिरवी. तो रुसलाय.) १० मिमीच्या स्पेसरवर ९ मिमी जागा राहते. म्हणजे स्पेसर नसताना १ मिमी घासणार, आणि ३ मिमी मोकळं हवं तर ४ चा स्पेसर पुरेल?

नेकारकाठचा नाना

५ घ्या, आणि त्यात एक गंमत आहे. तुमची मूळ चाकं ईटी ४०. नवी ईटी ४५. ५ मिमीचा स्पेसर म्हणजे हिशेबाने पुन्हा ४०. चाकाची मधली रेषा कंपनीने ठेवली होती तिथेच येते. रुंदी एका इंचाने वाढली ती दोन्हीकडे सारखी वाटली जाते, आत १२.७ आणि बाहेर १२.७ मिमी. १० च्या स्पेसरने बाहेरची कड १७.७ ने निघत होती, फेंडरला घासली असती.

मधली रेषा जागेवर राहण्याचा फायदा ब्रेक मारताना कळतो. फोक्सवॅगन-ऑडी घराण्यात १९७२ च्या ऑडी ८० पासून पुढचं चाक असं ठेवतात की स्टिअरिंगचा कललेला आस रस्त्याला टेकतो तो टायरच्या मध्याच्या बाहेरच्या बाजूला. एका चाकाखाली वाळू आणि दुसऱ्याखाली डांबर असताना ब्रेक दाबला तरी गाडी स्वतःच सावरते. चाक बाहेर काढत गेलात की ते सावरणं कमी होत जातं आणि स्टिअरिंग हातात झटके द्यायला लागतं.

अर्धवट_माहितीराव

आणि बेअरिंग? स्पेसरने बेअरिंग जातात असं सगळेच म्हणतात.

नेकारकाठचा नाना

वळणात बाहेरच्या पुढच्या चाकावर ५००० न्यूटन भार धरा आणि तेवढाच आडवा जोर. टायरची त्रिज्या साधारण ०.३ मीटर, म्हणजे बेअरिंगवर १५०० न्यूटनमीटरची पिळवट. १० मिमी बाजूला सरकल्याने फरक पडतो ५० न्यूटनमीटरचा. बेअरिंग खातात ते तुमचे चिकट टायर. स्पेसर नुसता शेजारी उभा असतो आणि मार खातो. ५० मिमीचे लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

भोसरीचा टर्नर

५ चा स्पेसर म्हटला की माझं काम सुरू होतं. तुमच्या हबचा ओठ किती बाहेर येतो?

घाटउतार

व्हर्नियरने ९ मिमी.

भोसरीचा टर्नर

मग ५ स्पेसरने खाल्ले, उरले ४. बाजारातल्या रिंगला आतून मोठा चॅम्फर (तासलेली तिरकी कड) असतो, २-३ मिमी त्यातच जातात, उरतं काय? पत्र्याएवढं टेकणं. आणि प्लॅस्टिकची रिंग ट्रॅकवर पुढच्या हबवर मऊ पडते, काढताना चिंगमसारखी निघते. तुम्ही भोसरी एमआयडीसीत या. ६०६१ अ‍ॅल्युमिनियमचा बार आहे माझ्याकडे. बाहेरून ७३.१, आतून ५७.१, चॅम्फर फक्त अर्धा मिमी, चाकात दाबून बसेल आणि हबवर हाताने सरकेल अशी करून देतो. स्पेसरही त्याच मटेरियलचा, पाचच भोकं, मधलं भोक हबवर नीट बसणारं, दोन्ही तोंडं एका सेटिंगमध्ये घेतलेली. कोटिंग नाही, काही नाही, उघडं अ‍ॅल्युमिनियम.

मागचे स्पेसर काढाच. मागे कॅलिपर नाही, ड्रम आहे, घासायला काहीच नाही. "भरलेली दिसते" याला ट्रॅकवर गुण मिळत नाहीत. फक्त टायरची आतली कड कशाला लागत नाही ना, ते मागे दोन माणसं बसवून बघा.

स्विफ्टवाली

एक धोका आत्ताच सांगून ठेवते, माझ्या मित्राचा झालाय. आता तुमच्याकडे दोन लांबीचे बोल्ट असतील. पुढे २७ अधिक ५, म्हणजे ३२ चे, मागे २७ चेच, दोन्ही तिरक्या सीटचे, डोक्यावर १०.९ (मजबुतीचा दर्जा) छापलेले. पुढचा लांब बोल्ट चुकून मागे लागला तर टोक हबच्या पलीकडे निघून ड्रमच्या आतल्या सामानाला लागतं. पुढच्यांच्या डोक्यांना लाल रंग द्या. आणि मूळचे पाच गोल सीटचे बोल्ट स्टेपनीबरोबर बांधून ठेवा, स्टीलच्या स्टेपनीला तेच लागतात. हायवेवर रात्री पंक्चर झालं आणि डिकीत फक्त तिरके बोल्ट असले की पंक्चरवाला तेच ठोकून देतो.

घाटउतार

हे माझ्या सात जन्मांत डोक्यात आलं नसतं. धन्यवाद ताई.

पिंपळपान

अवांतर : हे सगळं कायद्यात बसतं का? विमा?

नेकारकाठचा नाना

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा, कंपनीच्या मूळ वर्णनाबाहेरचे बदल चालत नाहीत. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी गळ्यात येऊ शकतो. मी इथून नाक वर करून बोलत नाही, पण इथल्या नॉर्डश्लायफे ट्रॅकच्या २०.८ किलोमीटरवर पर्यटक म्हणून गाडी घालायची तरी ती रस्त्याच्या कायद्यात बसलेली लागते, कारण त्या वेळेत तो टोलचा सार्वजनिक रस्ताच असतो. स्पेसरचा शिक्का कागदांवर नसेल तर पोलीस बाजूला घेतात.

यावर वाद पेटवून इथे धाग्याचं काश्मीर करू नका, हवं तर वेगळा धागा काढा.

घाटउतार

अपडेट. भोसरीला जाऊन आलो. टर्नरकाकांनी (वय विचारलं नाही, पण काकाच) दोन तासांत स्पेसर आणि चारही रिंगा करून दिल्या. पैसे घेताना "दुकानदाराला किती दिले होते?" विचारलं आणि त्याच्या निम्मे घेतले. चाकांच्या मागचा आणि सीटमधला रंग पेंट रिमूव्हरने काढला, हबला तारेचा ब्रश. बोल्ट आता दहा फेरे धरतात, या मॅगव्हीलची जाडी मूळ चाकापेक्षा जरा कमी आहे म्हणून. आधी हाताने, मग चाक हवेत असताना ६० वर चांदणीच्या क्रमाने, गाडी खाली टेकवून १२०. आट्यांना ग्रीस नाही. एक्सप्रेसवेवर १०० ला स्टिअरिंग देवळातल्या दगडासारखं शांत.

प्रश्न : ट्रॅकवर सेशन संपलं की लगेच टॉर्क तपासायचा का?

स्विफ्टवाली

मी तर पिटमध्ये आले की लगेच बघते.

नेकारकाठचा नाना

बघायला हरकत नाही, वाढवायला आहे. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. गरम असताना चाक आणि स्पेसर आतून बोल्टला जास्त ताणतात. त्या अवस्थेत १२० ला पाना बोलला तर थंड झाल्यावर हाती येणारा ताण कमी असतो. अर्धा-पाऊण तास थांबा, डिस्कला हात लावता आला पाहिजे.

स्विफ्टवाली

नाना, दोन सेशनमध्ये पाऊण तास मिळतो कुठे? आणि सैल झालेला बोल्ट काय गाडी थंड व्हायची वाट बघणार? मी गरम असतानाच बघणार. फिरला तर ते सेशन सोडणार.

भोसरीचा टर्नर

दोघांचंही राहू दे. पांढऱ्या पेंट मार्करने बोल्ट ते चाक अशी रेघ मारा. रेघ तुटली का ते गरम असतानाही डोळ्यांना दिसतं. पाना थंड झाल्यावर.

घाटउतार

काल रात्री परत आलो. बाराशे किलोमीटर जाताना, तेवढेच येताना. जाताना कोल्हापूरला तावडे हॉटेलपाशी थांबून थंड गाडीवर टॉर्क तपासला, एकही हलला नाही.

ट्रॅकवर पंधरा-पंधरा मिनिटांची सहा सेशन्स. दुसऱ्यानंतर डाव्या पुढच्या चाकाच्या एका बोल्टची रेघ तुटलेली, दोन मिमी सरकली असेल. बाकी एकोणीस जागच्या जागी. तिथे उजवीकडची वळणं जास्त, सी-वन नावाचं वळण तर पोटात गोळा आणणारं, म्हणजे डावं पुढचं चाकच सगळ्यात भरडलं जातं. तिसरं सेशन सोडलं. थंड झाल्यावर बोल्ट काढला तर सीटच्या तळाशी रंगाचा चंद्रकोरीएवढा तुकडा चिकटून राहिलेला. पेचकसाने खरवडला, १२० ला आवळला, पुढची तिन्ही सेशन्स रेघ अखंड. क्लेचा पातळ तुकडा कॅलिपरवर मुद्दाम ठेवला होता, त्यावर स्पोकचा ओरखडा नाही.

लॅप टाइम विचारू नका. डीएसजी तापलं.

गिअरकाका

तो बोल्ट परत वापरलात की बदललात?

घाटउतार

त्या दिवशी तोच. घरी आल्यावर त्या चाकाचे पाचही नवीन मागवलेत.

पिंपळपान

जुने १० मिमीचे चार स्पेसर विकायचे असतील तर सांगा, माझ्या गाडीला...

घाटउतार

नाही. दोन पोराने क्लेच्या बदल्यात घेतलेत, दोनांवर सध्या आई गरम पातेली ठेवते.